बिनदोऱ्याची टीप

लातूरच्या त्या गल्लीत प्रत्येक आईनं काहीतरी सोडलं होतं. काशीला गेलं की माणूस आवडीची भाजी सोडून येतो, तसं. कुणी चहा सोडला होता, कुणी साखर, कुणी टीव्हीवरच्या मालिका. निलंग्याकडची एक बाई चप्पल सोडून बसली होती. पोरीचा मेडिकलला नंबर लागेपर्यंत पायात काही घालणार नाही म्हणायची आणि भर उन्हात अनवाणी भाजी आणायला जायची. तिची पोरगी सोबत असली की मान खाली घालून चालायची, आणि खाली पाहिलं की तिला आईच्या भेगाळलेल्या टाचा दिसायच्या.

मी शिवण सोडलं होतं.

अहमदपुरात माझी शिलाई बरी चालायची. ब्लाऊज हा माझा हातखंडा. लग्नसराईत बायका ओट्यावर बसून राहायच्या आणि 'आमचं आधी द्या' म्हणून भांडायच्या. नवऱ्याचं मोंढ्याच्या बाजाराजवळ किराणा दुकान, घरात सासूबाई, एकुलती एक लेक. तिला दहावीला चांगले मार्क पडले आणि आमचं ठरलं. म्हणजे ठरवायला काही नव्हतंच. आमच्याकडं हुशार पोराला 'काय व्हायचं' असं कुणी विचारत नाही, 'लातूरला खोली कुठं घेतली' असं विचारतात.

नवरा आणि सासूबाई अहमदपुरात राहिले, मी आणि लेक लातूरला आलो. येताना पायमशीन टेम्पोत घातली, कारण सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी हाय ती, मागं ठिवू नको." पण खोली पाहिली आणि मीच तिच्यावर चादर टाकली. एवढीशी खोली, त्यात लेकीचं टेबल. मशीन खडखडली तर ती अभ्यास कशी करणार? शिवाय बाकीच्या बायका एवढं सोडून बसलेल्या, मीच एकटी टिपा मारत बसले तर बरं दिसेल का? चादरीवर लेकीची पुस्तकं रचली आणि मशीनचं टेबल झालं.

आता काम नसलेली बाई काय करते? बघते. मी बघायची. तसं दिवसभर काम असायचंच. सकाळचा डबा, बदाम भिजवणं, दुपारचा गरम फुलका, झेरॉक्सच्या दुकानात रांग, क्लासपासून घरापर्यंत सोबत. त्या गल्लीत माझ्याएवढी घाईतली बाई नव्हती आणि माझ्याएवढी रिकामीही नव्हती. लेक टेबलाशी बसली की मी कॉटवर ताटात तांदूळ घेऊन निवडत बसायची, नजर मात्र तिच्या मानेवर. तिनं पान उलटलं की बरं वाटायचं. खूप वेळ उलटलं नाही की माझा हात तांदळातच थांबायचा. तिनं उसासा टाकला की मी विचारायची, "काय झालं?" ती म्हणायची, "काई न्हाई." पेपर कसा गेला, तर "बरा गेला." क्लासमध्ये काय शिकवलं, तर "तेच."

अहमदपुरात हीच पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकून माझ्या मशीनजवळ बसायची आणि तिच्या तोंडाला कुलूप नसायचं. आता ती दारातच सँडल हातात घेऊन आत यायची, बॅग अलगद टेकवायची, खुर्ची उचलून सरकवायची. मी गल्लीतल्या बायकांना कौतुकानं सांगायची, "पोरगी लई शहाणी झाली, घरात असली तरी कळत न्हाई."

असं हळू चालणं मला खरं तर चांगलं ओळखीचं होतं. पण जवळची वस्तू दिसत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मी शाळेत असताना भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. आमच्या अहमदपुराजवळच्या खेड्यात मागच्या भिंतीला चीर गेली, बस्स. कुणी दगावलं नाही, एक कप फुटला नाही. वडिलांनी मात्र त्यानंतर झोप म्हणून घेतली नाही. धक्के येत राहायचे, तेव्हा कुणीतरी एक युक्ती काढली होती. उशाशी तांब्यावर वाटी, वाटीवर पेला, पेल्यावर झाकणी अशी भांडी रचून ठेवायची. जमीन हलली की भांडी वाजतात आणि माणूस बाहेर पळतो. गावात सगळ्यांनीच ठेवली. पुढं धक्के थांबले, लोकांनी भांडी उचलून फळीवर लावली. वडिलांनी उचलली नाहीत. मांजर गेलं, दार आपटलं, भाऊ जोरात धावला की ती वाजायची, आणि वडील आम्हाला बखोटीला धरून अंगणात उभे करायचे. मग आम्ही भावंडं टाचा न टेकता चालायला शिकलो. नुसतं चालायलाच नाही. भाऊ नापास झाला, मला शाळेत एकानं त्रास दिला, ते सगळं आईच्या कानात सांगायचं आणि वडिलांपर्यंत जाऊ द्यायचं नाही. वडील फार मायाळू होते हो. आमच्यासाठीच तर जागायचे. पण ते गेले तोवर आमच्यातल्या कुणीही मनातली एकही गोष्ट त्यांच्याजवळ बोललं नव्हतं.

लेक बारावीत गेली आणि क्लास सुटला की अभ्यासिकेत बसून एकटीच घरी यायला लागली. त्याच जूनमध्ये गल्लीत नवी बॅच आली. आमच्या खोलीच्या खाली घरमालकांचं गाद्यांचं दुकान. पिढीजात पिंजारी माणसं. पूर्वी गावोगाव फिरून कापूस पिंजायची, आता क्लासला येणाऱ्या पोरांना गाद्या पुरवता पुरवता त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. एका दुपारी घरमालकीण भाभी जिना चढून आल्या आणि चादरीकडं बोट करून म्हणाल्या, "ही मशीन चालती का?"

"चालती. पण मी चालवत न्हाई, भाभी."

"कायकू? आमचा टेलर भनीच्या लग्नाला उदगीरला गेला तो तिकडंच बसून राहिला. हॉस्टेलच्या गाद्या पडून हायत, खोळी कोन शिवणार?"

"पोरगी अभ्यास करती. आवाज होतो."

"खाली आमची पिंजायची मशीन दिवसभर बोंबलती, ती ऐकू येत न्हाई का तिला?"

मी म्हणाले, "तिचा नंबर लागेपर्यंत शिवायचं न्हाई असं ठरवलंय."

भाभी हसल्या. "आमचा रोजाबी संध्याकाळी संपतो, बाई. तुमचा कवा संपायचा?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच कापडाचा गठ्ठा डोक्यावर आणून खोलीत टाकून गेल्या. त्यांना माझं भलं करायचं नव्हतं, त्यांना खोळी पाहिजे होत्या. भिडेपोटी मी तो ठेवून घेतला.

लेक क्लासला गेली की शिवायचं आणि ती यायच्या आत चादर टाकायची, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी पुस्तकं उतरवली, तेल घातलं, पट्टा चढवला आणि खोळीची पहिली सरळ टीप घातली. मला रडू आलं. गादीची खोळ ती, तिच्यात कसली आलीय कला? नुसतं सरळ जायचं आणि कोपऱ्यात वळायचं. पण पाय आणि हात एका तालात आले आणि डोक्यातलं ते 'काय झालं, कसं झालं' थोडा वेळ गप्प झालं. मला शिवण आवडतं, हे मी लेकीच्या भल्यापायी विसरून गेले होते.

असे काही दिवस गेले. एकदा भाभींना संध्याकाळपर्यंत माल द्यायचा होता आणि नेमकी त्याच दिवशी लेक लवकर आली. मी पाय उचलला, चादर शोधू लागले. ती दारातच उभी, सँडल हातात. म्हणाली, "राहू दे की. शिव तू."

"अभ्यास..."

"शिव म्हटलं ना."

मी शिवायला लागले. ती माझ्या मागं, शिवलेल्या खोळींच्या ढिगावर जाऊन बसली. मला ती दिसत नव्हती. समोर भिंत, हाताखाली कापड. आधी ती मैत्रिणीचं काहीबाही सांगत होती. तिच्या मेसच्या वरणाला नावं ठेवली. भौतिकशास्त्राच्या सरांची नक्कल केली आणि मी हसले. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत कुणी हसलं. मग त्याच आवाजात म्हणाली, "आई, मी अभ्यासिकेत जात न्हाई."

माझा पाय अडखळला. मी तो तसाच पुढं रेटला.

"मग कुठं जातीस?" मी कापडाकडं बघूनच विचारलं.

"स्टँडवर. बाकावर बसते. अहमदपूरची गाडी लागली की बघते कोण कोण चढतंय. ओळखीचं कुणी असलं तर लपते. एकदा चढले पण. वाटेत चाकूरला उतरले आणि परत आले."

वाटलं, मशीन सोडावी, उठावं, तिचे दोन्ही दंड धरावेत आणि विचारावं, कधीपासून, का, आम्ही काय कमी केलं? माझ्या सगळ्या अंगात वडिलांची भांडी वाजत होती. पण त्याच क्षणी मला आमचं घर दिसलं, टाचा उचलून चालणारी मी दिसले, आणि दारातून सँडल हातात घेऊन येणारी माझी लेकही दिसली. मी वळले तर ही गप्प होईल, हे मला शंभर टक्के कळलं. मी पाय चालू ठेवला.

"वाचलेलं ध्यानात राहत न्हाई," ती म्हणाली. "तू बघत असतीस ना, तवा तर एक अक्षर दिसत न्हाई. आणि तू माझ्यापायी शिवण सोडलंस. त्या काकूंनी चप्पल सोडली. मला वाटतं, मी नसतेच तर तू आपली आपल्या घरी शिवत बसली असतीस. असं लई दिवसांपासून वाटून राहिलंय."

त्या वाक्यानं माझ्या काळजाचं पाणी झालं. आजही लिहिताना होतंय. हातातली खोळ पुढं सरकत होती आणि माझ्या लक्षात आलं, की खालच्या बॉबीनवरचा दोरा संपलाय. सुई वरखाली होत होती, कापडाला भोकं पडत होती, पण टीप पकडत नव्हती. बॉबीन भरायची तर थांबावं लागणार, आणि थांबले तर ही थांबणार. मी थांबले नाही. खोळीची एक बाजू झाली, कोपऱ्यात वळवली, दुसरी बाजू लावली. तशीच, बिनदोऱ्याची. ती बोलत राहिली. रडली, नाक पुसलं, पुन्हा बोलली. मी एवढंच म्हणत राहिले, "हाव. बरं. मग?"

तिचं सगळं बोलून झालं तेव्हा ती आपणच उठली, माझ्या पाठीला डोकं टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "भूक लागली." तेव्हा मी पाय थांबवला. तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "तू नसतीस तर मी कुणासाठी काय शिवलं असतं गं? पुन्हा असलं मनात आलं तर मला सांगायचं. मी मशीनवर असेन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अहमदपूरला गेलो. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. दुकान बंद करून तो चार दिवस घरात बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं लेकीला मार्क सोडून दुसरं काही विचारलं. तिला डॉक्टरांकडंही नेलं. मनाच्या डॉक्टरांकडं पोरीला नेलं म्हणून मोंढ्यात कुजबुज झाली. नवरा म्हणाला, "दाढ दुखली तर जातोच की." परत यायचं की नाही हे आम्ही तिच्यावर सोडलं. ती आली, पण माझ्या मशीनवर पुन्हा पुस्तकं ठेवायची नाहीत या अटीवर.

मेडिकलला तिचा नंबर लागला नाही. मशीन सुरू केली आणि पोरगी डॉक्टर झाली, असं सांगता आलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. तिनं फिजिओथेरपी केली. आता नांदेडला म्हाताऱ्यांचे आखडलेले गुडघे हलवते आणि त्यांच्याशी भरपूर गप्पा मारते.

मीही अहमदपुरात पुन्हा ओट्यावरच्या बायकांची भांडणं सोडवते. संध्याकाळी तिचा फोन येतो. आवाज जड असला की मी विचारत नाही. फोन स्पीकरवर ठेवते आणि मशीनवर बसते. मग ती बोलते.

परवा अशीच बोलता बोलता मध्येच म्हणाली, "आई, त्या दिवशी लातूरला बॉबीन संपली होती ना?"

मी चमकले, पाय थांबला. "तुला काय माहीत?"

"मशीनजवळच वाढले की मी. आवाजावरून कळलं. वाटलं, आता तू थांबशील आणि माझं बोलणं संपेल." फोनमधून ती नाक ओढत असल्याचं ऐकू आलं. "तू थांबली न्हाईस, म्हणून मी पुढचं सांगितलं. न्हाईतर ते सांगणारच नव्हते."

मी पाय पुन्हा पायडलवर ठेवला आणि म्हणाले, "हाव. बरं. मग?"