राजकन्येची उजवी बाजू

"नाक खाजवायचं असेल तर आत्ता खाजवून घे. मग नाय."

समोर बसलेल्या प्रत्येक मुलीला तो हे सांगे. मुलगी नाक खाजवी, तो थांबे. मग तिला रंगपेटीला नमस्कार करायला लावी आणि कपाळाच्या मधोमध पहिला ठिपका ठेवी. तिथून मुकुट सुरू होई.

दोन हजारनंतरच्या काही वर्षांत गंगापूर रोडवर मुलांच्या वाढदिवसाला गेला असाल, तर तुम्ही त्याला मुलांचे चेहरे रंगवताना पाहिलं असेल. केकच्या टेबलापासून लांब एक घडीची खुर्ची, एक स्टूल, पाण्याचे दोन डबे. मुलांना वाघ, मुलींना राजकन्या. मुली 'प्रिन्सेस' म्हणत. "तीच ती," तो म्हणे. "राजाचीच पोरगी ना?"

त्याआधी तो अंबडच्या एका कारखान्यात रंगखात्यात होता आणि संध्याकाळी हौशी नाटकांची रंगभूषा करी. मी तेव्हा वृत्तपत्रात नाटकांच्या बातम्या करत होतो. नव्वदच्या दशकात कामगारांच्या एका नाट्यस्पर्धेत त्याने पंचविशीतल्या फिटरचा ऐंशी वर्षांचा म्हातारा केला. विंगेत उभं राहून मी ते पाहिलं. दीड तास लागला. पहिल्या अंकात फिटरच्या आईने मुलाला ओळखलं नाही.

रंगभूषेचं पहिलं बक्षीस त्या नाटकाला मिळालं. ते घ्यायला दिग्दर्शकाचे मेहुणे स्टेजवर गेले. दिग्दर्शक डॉक्टर होते. प्रवेशिका भरताना रंगभूषेच्या रकान्यात त्यांनी मेहुण्यांचं नाव घातलं होतं. मेहुणे तालमींना गाडीतून वडे आणत. यापलीकडे त्यांचा नाटकाशी संबंध माझ्या माहितीत नाही.

निकालाचा कागद माझ्या टेबलावर आला. नाव चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं. मी ते तसंच छापलं.

तिसऱ्या दिवशी तो कचेरीत आला.

"साहेब, तुम्ही होते ना विंगेत?"

"होतो."

"मग?"

दुरुस्तीसाठी आयोजकांचं पत्र लागेल, असं मी सांगितलं. नियम तसा होताही. "बरं," म्हणून तो गेला. पत्र त्याला कुणी दिलं नाही. नाटकं त्याने सोडली.

निवृत्तीनंतर तो वाढदिवसांना जाऊ लागला, पण फक्त गंगापूर रोडवर. दुसरीकडचं बोलावणं सरळ नाकारी. कारण विचारलं तर म्हणाला, "तिथं एक घर राहिलंय."

ते घर डॉक्टरांचं होतं. नात सहा वर्षांची झाली, तेव्हा बोलावणं आलं. नात माझ्या मुलीच्या वर्गात, म्हणून मीही तिथे होतो. डॉक्टरांनी त्याला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही.

आधी त्याने मैत्रिणींच्या राजकन्या केल्या. मग नात बसली. डाव्या बाजूचा मुकुट झाला, डाव्या पापणीवर निळा रंग, डाव्या गालावर वेल आणि चमकी. तिथे तो थांबला. आइसक्रीम खात उभ्या असलेल्या मेहुण्यांना त्याने हाक मारली.

"साहेब, उजवी बाजू तुम्ही घ्या. तुमचा पहिल्या बक्षिसाचा हात."

पाहुणे हसले. मेहुण्यांनीही हसत ब्रश घेतला.

"आजोबा, आधी पेटीला नमस्कार करायचा असतो," नात म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही?"

मेहुणे पेटीकडे वाकले आणि वाकलेलेच राहिले. झाकणाच्या आत, आरशाशेजारी, माझी बातमी चिकटवलेली होती. मेहुण्यांच्या नावाखाली लाल रंगाची रेघ. मुली आरशात पाहत, तेव्हा त्यांच्या कानाजवळ ते कात्रण असे. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मला कुठे येतं हे," मेहुणे म्हणाले.

"मागं ऐकू नाय गेलं, साहेब."

"मला येत नाही."

"डॉक्टरसाहेब, यांना येत नाय म्हणतात."

डॉक्टर हातातल्या बशीकडे पाहत राहिले. पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही. तो मात्र हसला. इतक्या वर्षांत त्याचे सगळे दात मी तेव्हाच पाहिले.

"काका, माझी दुसरी बाजू?" नातीने कोरा गाल पुढे केला.

त्याने मेहुण्यांच्या हातून ब्रश काढून घेतला आणि दोनदा धुतला. "नाक खाजवायचं असेल तर आत्ता." उजवी बाजू त्याने सावकाश केली, डावीइतकीच नेटकी. मग पेटी मिटली. फाटकापाशी माझ्याजवळ थांबून म्हणाला, "तुमचं राहिलंय."

गंगापूर रोडवर तो पुन्हा दिसला नाही.

काही वर्षांनी त्याची मुलगी निधनाचा मजकूर घेऊन कचेरीत आली. अक्षर त्याचंच होतं, तारखेची जागा तेवढी मोकळी. शेवटचं वाक्य त्या स्पर्धेचं: रंगभूषेचं पहिलं बक्षीस यांच्या कामाला मिळालं होतं.

"बाबा म्हणाले होते, साहेब पत्र मागतील," ती म्हणाली. "मागितलं तर कागद परत आण, म्हणाले."

मी मागितलं नाही. मजकूर शब्द न बदलता छापला.

दुसऱ्या दिवशी ती अंक न्यायला आली. पेटीतलं जुनं कात्रण आता काढणार का, असं मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हे त्याच्या शेजारी लावायला सांगितलंय."