कॉम्प्युटरचं तोंड कुठल्या दिशेला?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कोळवण खोऱ्यातल्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला, तो नेमका दसऱ्याला. हेडसरांनी त्याला झेंडूची माळ घातली, काचेवर हळदकुंकू लावलं आणि देवासारखं त्याचं तोंड पूर्वेला केलं. शाळा सकाळची. समोरच्या खिडकीतून ऊन थेट काचेवर पडायचं आणि हिरवी अक्षरं गडप व्हायची. दिसायचं ते फक्त वाचणाऱ्याचं थोबाड.

"बाई, ह्यात मीच दिसतुया," पोरं खिदळायची. मला मात्र रडू येत होतं. पुण्याहून साहेब येणार होते. मुलांना यंत्र वापरता आलं नाही, तर ते उचलून दुसऱ्या शाळेला देणार होते.

हेडसर दिशा बदलायला तयार होईनात. शेवटी मी शास्त्राचाच आधार घेतला. "सर, अभ्यास करणाऱ्यानं पूर्वेला तोंड करून बसावं की नाही?" यंत्र फिरलं. आता खिडकी यंत्राच्या मागे आली आणि ऊन पोरांच्या डोळ्यांत. आगीतून फुफाट्यात! खिडकीची झडपं वाळवीनं कधीच खाल्ली होती.

एक मुलगी घरी धावली आणि माळ्यावरचं आईचं इरलं घेऊन आली. भातलावणीत पावसापासून पाठ झाकायला बायका घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं नि पळसाच्या पानांचं. ते डोक्यावर घेऊन ती पडद्याशी वाकली आणि आतून ओरडली, "बाई, समदं दिसतंय!"

साहेब आले तेव्हा टेबलाशी नुसतं इरलं होतं आणि त्यातून गणिताची उत्तरं ऐकू येत होती.

"हे काय आहे?"

"सायेब, आत या. भायेरनं काय बी दिसनार न्हाई."

कडक इस्त्रीचे साहेब इरल्यात शिरले. बराच वेळ बाहेरच येईनात.

"आमच्या ऑफिसातही खिडकी अशीच आहे हो," ते बाहेर येऊन म्हणाले. यंत्र त्यांनी शाळेला ठेवलं. इरलं मात्र जीपमध्ये घालून नेलं.

जीप गेल्यावर मुलीनं माझा पदर ओढला. "बाई, आता लावनीला आय काय घील?"

पुढच्या लावणीला तिच्या आईला मी पुण्याहून रेनकोट आणून दिला. त्यात वाकता येत नाही, म्हणून तिनं भर खाचरातून मला शिव्या घातल्या.