तिसऱ्या भागातला ट्रम्पेट

नोएल अंकलबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे शिक्षा असायची. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाला आत आला, तरी हा माणूस खुर्ची सोडायचा नाही. पडद्यावर नावं सरकत राहायची आणि अगदी शेवटी, चहा पुरवणाऱ्याच्या नावाच्या जरा वर, 'ब्रास बँड : मरोळ गावठाण' अशी एक ओळ यायची. ती आली की अंकल माझा दंड धरून म्हणायचे, "बघितलंस शीतल? ते मी." ती ओळ सगळ्या बँडची होती, पण अंकलना तेवढं बारीक दिसत नसावं.

आम्ही त्यांच्या माडीवरचे भाडेकरू. गिरणी बंद पडल्यावर माझे आजोबा परळ सोडून इथे आले आणि इथलेच झाले. आम्ही देवगडचे, हिंदू. पण इतकी वर्षं एकाच जिन्याने चढउतार केल्यावर गावठाणातला क्रूसही आमचा आणि विहीरही आमची. नोएल अंकल विमानतळावर कार्गोत होते. दिवसभर खोकी हलवायची, संध्याकाळी ट्रम्पेट फुंकायचा. त्यांचे वडील बँडमध्ये होते, आजोबाही. केस पांढरे ठेवायचे आणि मिशी तेवढी काळी करायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, वाजवताना लोक मिशीकडेच बघतात. स्वभावाने मोकळे, हाताने सढळ आणि कौतुकाचे भुकेले. कोणी नुसतं 'वा' म्हटलं की त्याच्या घरचा बाप्तिस्मा फुकट वाजवून यायचे.

बँडचे मास्तर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले लिओनार्ड अंकल. दोघं एका शाळेतले, एका बाकावरचे. लिओनार्ड अंकल अबोल. चर्चचा गायनवृंद तेच बसवायचे आणि जमेल तसं सिनेमांना संगीत द्यायचे. त्यांच्या मुलीचे, किम्बर्लीचे, नोएल अंकल धर्मबाप. तिच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात त्यांनी उभं राहून जाहीर केलं होतं, की ही पोर लग्नाला घरातून निघेल तेव्हा दारात ट्रम्पेट मी वाजवणार, आणि तिच्या बापाचीच चाल वाजवणार. किम्बर्ली हे ऐकतच मोठी झाली. लहानपणी भांडण झालं की ती धमकी द्यायची, "जा, मग मी लग्नच करणार नाही, बसा ट्रम्पेट घेऊन."

मग 'डोंगरदैत्य' आला. मराठी सिनेमाला दैत्य परवडत नाहीत, म्हणून पहिल्या भागात एकच दैत्य होता आणि तोच वेगवेगळ्या डोंगरांवरून उतरताना दाखवला होता. चित्र बघून कोणी घाबरलं नसतं. पण लिओनार्ड अंकलनी त्या दैत्याच्या चालण्याला गावठाणाचा ब्रास बँड लावला. आधी मोठा ड्रम, मागून युफोनियमचा जाडाभरडा सूर आणि वर नोएल अंकलचा ट्रम्पेट. चाल हळूहळू चढायची आणि शेवटी अशी खाली यायची की तो अवाढव्य जीव दमून बसल्यासारखा वाटायचा. लोकांना त्या दैत्याची दया यायची. माझ्या आईने तर डोळे पुसले. सिनेमा त्या चालीवर तरला. दुसरा भाग हिंदीतही चालला, आणि तिसऱ्यासाठी मोठी कंपनी पुढे आली.

मोठ्या कंपनीने पहिल्यांदा संगीतकार बदलला. लिओनार्ड अंकलना कोणी कळवलंसुद्धा नाही. मरोळ नाक्याच्या मेट्रो स्टेशनाखाली पोस्टर लागलं, त्यावर 'संगीत : सर्वेश' असं लिहिलेलं होतं, आणि ते त्यांनी भाजीची पिशवी हातात धरून वाचलं. त्या रविवारी सगळा बँड त्यांच्या ओट्यावर जमला. पहिले बोलले ते नोएल अंकल. उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "आपल्यातला जो तिकडे जाऊन फुंकेल, त्याने लिओनार्डच्या दारात पाय ठेवायचा नाही. कबूल?" सगळे म्हणाले, कबूल. लिओनार्ड अंकलनी नुसतं त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मी समोरच उभी होते. खरं सांगते, मला त्या दिवशी आमच्या घरमालकाचा अभिमान वाटला होता.

पुढचं मला पेट्रिशिया आंटींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नंतर सांगितलं. सर्वेशचा फोन आला. पोरगा हुशार आणि जिभेवर साखर. म्हणाला, "अंकल, चालीचे हक्क कंपनीकडे आहेत, त्यामुळे चाल तीच राहणार. फक्त शेवट मी वेगळा केलाय. दुसरा कोणीही वाजवेल, पण दैत्य तुमच्या दमावर चालतो. आणि पडद्यावर एकट्याचं नाव येईल. ट्रम्पेट : नोएल, पुढे आडनाव." पैशांचं काय बोलणं झालं ते आंटींनाही नीट आठवत नव्हतं, कारण अंकलनी ते ऐकलंच नव्हतं. त्यांनी आडनाव ऐकलं होतं.

नवा शेवट खाली येत नव्हता, वर जात होता. दैत्य बसायचा नाही, आभाळाकडे तोंड करून ओरडायचा. ओठांना तो अवघड होता. अंकल ट्रम्पेटच्या तोंडात पंचा कोंबून मागच्या खोलीत तेवढीच एक ओळ घासत बसायचे. किम्बर्लीचं लग्न ठरलं होतं; मला वाटायचं, म्हातारा त्याची तयारी करतोय. एका दुपारी ते अंधेरी पश्चिमेच्या एका स्टुडिओत जाऊन वाजवून आले. आंटींनी त्यांना जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, "आता जा आणि त्याला सांग." अंकल म्हणाले, "लग्न होऊ दे, मग सांगतो. आता त्याच्या डोक्याला कशाला ताप?"

लोक स्वतःच्या भित्रेपणाला दुसऱ्याच्या काळजीचं नाव देतात तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या दिवसांत हे माहीत असतं तर मी त्यांना तोंडावर सुनावलं असतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी. इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा हा रिवाज, बँड लावून विहिरीवर जायचं आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत घरी आणायचं. आमच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, ती तेवढ्यापुरती उघडतात. बायका लाल लुगडी नेसून, डोक्यात फुलं माळून आल्या होत्या. म्हाताऱ्यांनी गाणी म्हटली, पाणी निघालं, आणि घागरी डोक्यावर घेऊन वरात माघारी वळली. वाटेत नवऱ्याकडची मंडळी ओरडली, "दैत्य होऊ दे! अंकल, दैत्य!" किम्बर्ली टाळ्या वाजवायला लागली. नोएल अंकलनी मिशीवरून बोट फिरवलं आणि ट्रम्पेट ओठाला लावला.

काय सुंदर वाजवत होते ते! गल्ली भरून गेली. कचेऱ्यांमधून सुटलेली पोरं फोन वर धरून उभी राहिली. चाल चढत चढत शेवटाला आली, सगळा बँड सवयीप्रमाणे खाली उतरला, आणि ट्रम्पेट एकटा वर गेला.

एखादा सूर चुकला असता तर चूक म्हणून गेला असता. ही सबंध ओळ होती, घासूनपुसून पक्की केलेली, आणि ती गल्लीत एकटीच वाजली. सिनेमा अजून लागायचा होता, ही ओळ गावठाणात कोणी ऐकलेली नव्हती. अंकलनी ट्रम्पेट खाली घेतला तेव्हा त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. नवऱ्याकडचे हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "अंकलना जरा चढली वाटतं." बँडमधले मात्र हसत नव्हते; असा पक्का बसवलेला नवा शेवट तिसऱ्या भागाचाच असणार, हे त्यांना कळलं होतं. क्लॅरिनेटवाल्याने अंकलकडे बघितलं आणि मग मान वळवून लिओनार्ड अंकलकडे.

लिओनार्ड अंकल घागरींच्या पुढे चालत होते. ते थांबले आणि मागे आले. मला वाटलं, आता मुलीच्या लग्नात भर रस्त्यात तमाशा होणार. ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हसता काय? मीच सांगितलंय त्याला, लग्नासाठी शेवट बदल म्हणून. तुम्हा लोकांना सांगायचं राहिलं. माझीच चूक." आणि नोएल अंकलकडे वळून विचारलं, "काय रे, सांगितलं होतं ना?"

नोएल अंकल म्हणाले, "हो. त्यानेच सांगितलं."

"चला मग, परत. सगळ्यांनी याच्या मागून वर जायचं." आणि लिओनार्ड अंकलनी हात उचलून, भर रस्त्यात, आपल्याच चालीचा तो दुसऱ्याने केलेला शेवट बँडकडून वाजवून घेतला. नोएल अंकलना पुढे उभं राहून वाजवावं लागलं. मी पाच पावलांवर होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नवऱ्याकडची एक मावशी शेजारणीला म्हणाली, "बघा, धर्मबाप आहे ना, कसा गहिवरलाय."

घराच्या मागच्या अंगणात आम्ही बायका फुगे, म्हणजे लग्नातले मैद्याचे गोल वडे, तळत होतो. नवरीचा बाप तिथे कधी येत नाही, पण लिओनार्ड अंकल आले आणि एक फुगा उचलून नुसताच हातात धरून उभे राहिले. मागोमाग नोएल अंकल आले. ट्रम्पेट अजून काखेत होता. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही.

"लिओ, शिव्या दे. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"मी गेलो. त्यांनी नाव टाकतो म्हटलं आणि मी गेलो. नावासाठी गेलो रे."

"कळलं मला."

"मग रस्त्यात मला वाचवलंस कशाला?"

लिओनार्ड अंकलनी फुगा या हातातून त्या हातात घेतला. म्हणाले, "तुला नाही वाचवलं. पोरीचं लग्न वाचवलं." मग हळूच, जणू शाळेतल्या बाकावर बसून बोलत असल्यासारखे, "वर जातं ते चांगलंय. मला सुचलं नव्हतं."

नोएल अंकलना शिव्या चालल्या असत्या. त्यांनी त्यासाठीच गाल पुढे केला होता. हे ऐकल्यावर ते खालीच बसले, सरपणाच्या ढिगावर, चांगली पँट खराब करत. आंटी झारा टाकून पुढे आल्या, पण नवऱ्याला हात लावायला त्यांचं मन होईना. त्या मध्येच उभ्या राहिल्या.

"उद्या ये," लिओनार्ड अंकल म्हणाले. "नाही आलास तर लोक विचारतील, पोरगी विचारेल. दारात उभा राहा. काय पाहिजे ते वाजव. फक्त माझं वाजवू नको."

ते आत गेले. फुगा त्यांनी परत टोपलीत ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी किम्बर्ली पांढऱ्या झग्यात दारात आली. गाडी फुलांनी सजवून उभी होती. बँड दोन्ही बाजूंनी लागला होता आणि नोएल अंकल उंबऱ्यापाशी, नव्या सुटात, मिशी काळी करून. त्यांनी चर्चमधलं एक भक्तिगीत वाजवलं, मग लग्नातलं एक जुनं गाणं वाजवलं. किम्बर्ली जागची हलेना. ती हसत म्हणाली, "अंकल, किती ताणताय? डॅडाचं वाजवा ना. त्याशिवाय मी घरातून निघणार नाही, ठरलंय आपलं."

नोएल अंकलनी लिओनार्ड अंकलकडे पाहिलं. ते गाडीच्या आरशाला बांधलेली रिबिन सोडून परत बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"अंकल?"

"मला ते आता येत नाही, बाय," नोएल अंकल म्हणाले.

ती खळखळून हसली. तिला वाटलं, चेष्टा करतायत. बाकीचेही हसले. पण अंकलनी ट्रम्पेट उचलला नाही, आणि ती वाट बघत राहिली, आणि तिचं हसू हळूहळू ओसरायला लागलं. तिने बापाकडे पाहिलं, परत अंकलकडे पाहिलं. तिला काय कळलं, किती कळलं, ते मला माहीत नाही. पण तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शेवटी क्लॅरिनेटवाल्याने चाल उचलली. ट्रम्पेटशिवाय ती बारीक आणि केविलवाणी वाटत होती. त्या तसल्या चालीवर किम्बर्ली पायऱ्या उतरली, बापाचा हात धरून गाडीत बसली आणि गाडी चर्चच्या दिशेने निघाली. दारात उभ्या असलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नोएल अंकलनी ट्रम्पेट पायऱ्यांवर ठेवला आणि त्यांच्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या.