मुठीचा जोर आणि मावशीचं तोंड

माझी मावशी गप्प बसली, की आम्ही आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघतो. अशा बाईला दवाखान्यानं मोजमापाच्या कामाला ठेवलं, ही चूक त्यांचीच. मी तिची बाजू घेणारच.

म्हातारपणी हातातला जोर जातो, त्यावर नवी गोळी आली होती. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, हे मावशीलाही ठाऊक नाही. लोकांनी एक दांडा मुठीत आवळायचा आणि त्यावरचा काटा कुठवर गेला ते तिनं लिहायचं. गोळ्या सुरू व्हायच्या आधी, पहिल्या खेपेला ती नवखी होती, मुकाट्यानं लिहीत गेली. दुसऱ्या खेपेपर्यंत रुळली.

रुळली म्हणजे खोली डोक्यावर घेतली. "आवळा काका, जावयाचा गळा आहे समजा. अजून थोडं, अजून!" सगळ्यांचे आकडे वाढले. शिंपीकाकांना तर दहा हत्तींचं बळ आलं. जाड कापडात कात्री चालेना म्हणून त्यांनी धंदा सोडला होता. आता नातीला कोट शिवून देतो, असं कबूल करून बसले.

डॉक्टरीणबाई मात्र हैराण. खऱ्या गोळीवाल्यांइतकेच बिनऔषधवाल्यांचे आकडेही वाढले होते. शेवटी त्या स्वतः खोलीत येऊन बसल्या, पहिल्याच काकांपाशी मावशीचं ओरडणं ऐकलं, तिला मागच्या खेपेचं विचारलं आणि त्यांना उलगडा झाला.

"आधी तुम्ही गप्प होतात, आता ओरडताय. मग वाढ कशाची मोजली आपण, गोळीची की तुमची?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं पुन्हा मोजा. 'आवळा' आणि 'सोडा', बास."

इतकी कडक शिक्षा मावशीला शाळेतसुद्धा झाली नव्हती. ती ओठ मिटून बसली. शिंपीकाकांचा काटा उठला आणि अगदी पहिल्या वेळच्या आकड्यावरच अडला. तिला रडू यायला लागलं.

"रागावलात का माझ्यावर?" काकांनी विचारलं.

आकडा लिहून झाल्यावर तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं. काका स्वतःच्या पंजाकडे बघत राहिले.

"म्हणजे जोर आलाच नव्हता?"

"आला होता, काका. काटा खोटं बोलत नाही. पण तो गोळीचा नव्हता."

काकांनी जरा विचार केला. "मग रविवारी घरी या," ते म्हणाले. "मी कापड कापतो, तुम्ही समोर बसून ओरडा."