उंदराच्या कानात

मेंदूविज्ञानात पीएचडी करायची म्हणून मी लागोपाठ दोन वर्षं अर्ज भरले. पहिल्या वर्षी कुणीच मुलाखतीला बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी एका संस्थेने बोलावलं. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत तोवर मी डॉक्टर होऊनही गेले होते. बाबांनी सगळ्यांना 'मेंदूची डॉक्टर होतेय' असं सांगून ठेवलेलं, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात अडवून अर्धशिशीवर औषध विचारायच्या. आधी मी समजावून सांगायचे, नंतर सुंठीचा लेप लावा म्हणायला लागले. त्यांना त्याने गुण आला, याचा मला जास्त राग आला.

आईचे प्रयत्न वेगळ्या खात्यात चालू होते. दर मंगळवारी ती नाक्यावरच्या गणपतीच्या देवळात जायची. तिथे गाभाऱ्यासमोर पितळेचा मूषक आहे. देवाच्या मागे हजार कामं, म्हणून आपली इच्छा मूषकाच्या कानात सांगायची, तो ती वर पोचवतो. सांगताना त्याचा दुसरा कान तळहाताने झाकायचा, नाहीतर सांगितलेलं तिकडून निघून जातं. "आई, एका कानातून दुसऱ्या कानात जायला आत रस्ता नसतो गं," मी एकदा शहाणपणा केला. "असतो. तुझ्या बाबतीत मी रोज बघते," ती म्हणाली.

एमएस्सीला कल्याणच्या कॉलेजात मी फळमाश्यांवर काम केलं होतं. त्याला आईची काही हरकत नव्हती. माश्यांसाठी मक्याचं पीठ आणि गूळ शिजवतात हे कळल्यावर ती त्याला माश्यांचा शिरा म्हणायची आणि गूळ कमी पडू देऊ नकोस असं बजावायची. पण आता बोलावणाऱ्या संस्थेतल्या ज्या प्रयोगशाळेत जागा होती, तिथे उंदरांच्या स्मरणशक्तीवर काम चालायचं. मला तिथेच जायचं होतं. तिसऱ्यांदा अर्ज भरायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं, आणि हे मी घरात कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. उंदरांचाही विषय निघाला नव्हता.

तो निघाला मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी. आईला समोर बसवून मी तयारी करत होते. तिला मराठीत समजलं तर समितीला इंग्रजीत समजेल, असा माझा हिशेब. ती डाळिंब्या सोलत होती. मी सांगितलं, उंदराला पाण्याच्या टाकीत सोडतात. पाण्याखाली एक छोटा पाट लपवलेला असतो. उंदीर पोहत पोहत तो शोधतो, आणि रोज सोडलं की त्याला जागा पाठ होते. मग आम्ही त्याच्या मेंदूत बघतो, कुठल्या पेशी बदलल्या ते.

"बघता म्हणजे? कसं बघता?"

"मेंदू बाहेर काढून."

"आणि उंदीर?"

मी टिपणांचं पान उलटलं. तिने सोललेली डाळिंबी सालांच्या ताटलीत टाकली, मग उचलून परत भांड्यात टाकली.

"दोन वर्षं मी कोणाच्या कानात सांगतेय, कळतंय ना तुला?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. मी म्हटलं, "घरात शिरला की आपण पिंजरा लावतोच की."

"लावतो. आणि बाबा तो पिंजरा घेऊन खाडीवर सोडून येतात. घरातला धान्य तरी खातो. तुझा काय करतो? सांगितलंय तेवढं करतो बिचारा. पोहला, जागा शोधली, पास झाला. आणि पास झाला म्हणून मारला?"

नियम असतात, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते, वेदना होऊ देत नाहीत, हे सगळं मी सांगितलं. सगळं खरं होतं. ती ऐकून घेऊन कुकर लावायला उठली.

मंगळवारी सकाळी ती देवळात गेली नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग मला चक्क भीती वाटली. ज्या गोष्टीची मी इतकी चेष्टा करायचे, तिच्यावर मी भिस्त ठेवून होते, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी तिने साडी बदलली आणि "चल" एवढंच म्हणाली. मी मुकाट्याने मागे गेले. मूषकापाशी वाकून ती बराच वेळ बोलत राहिली. रांग वाढली. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो काकू, आटपा ना, आम्हालाही सांगायचंय." आईने दुसऱ्या कानावरचा हात काढला नाही. तिचं संपलं तेव्हाच ती उठली. काय सांगितलं ते मी विचारलं. फळायच्या आधी सांगायचं नसतं, म्हणाली.

मुलाखतीत सगळं बरं चाललं होतं. शेवटी समितीतल्या एका बाईंनी विचारलं, आजवर फक्त माश्या हाताळल्यात, उंदीर जमतील? मी नियम आणि समितीचं पाठ केलेलं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, हे सगळेच सांगतात, तुमचं काय? माझ्या तोंडून आईचा प्रश्न निघून गेला. पास झाला म्हणून मारला? मी म्हटलं, मी हे काम करेन, ते गरजेचं आहे असं मला वाटतं, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. इथेच माशी शिंकली, असं समजून मी घरी आले आणि न जेवता झोपले.

निवड झाल्याची ईमेल आली तेव्हा आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी ओरडतच वर गेले. तिने मला घट्ट धरलं, रडली, मग चिमट्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि साडी बदलायला खाली गेली.

देवळाच्या पायरीवर चपला काढताना मी म्हटलं, "आता तरी सांग, त्या दिवशी एवढं काय मागत होतीस?"

"मागितलं काहीच नाही," ती म्हणाली. "आधीचं मागितलेलं सगळं परत घेतलं. मग तू काय करणार आहेस ते सांगितलं त्याला. पाण्याचं, पाटाचं, मेंदू काढायचं, सगळं. म्हटलं, हे ऐकून तुला पटलं तरच वर सांग. नाही पटलं तर नको सांगूस, मी रागावणार नाही."

तिने नारळ माझ्या हातात दिला. "आता पुढचं तुझं तू बोलायचं त्याच्याशी. मी मध्ये नाही."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी वाकले. हात लागून लागून त्याचा कान गुळगुळीत झाला होता. दुसरा कान मी तळहाताने नीट झाकला. मागायचं काही उरलं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं, आणि तेच जमेना. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आटपा ना." मी हात काढला नाही.