जमनीच्या मानेवरचा वळ

सरकारी वकिलांनी अहवालाची प्रत माझ्यासमोर सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "डॉक्टर, उद्या तुम्हाला काही सांगायचं नाही. फक्त वाचायचं आहे."

मी वाचू लागलो. अक्षर माझ्या ओळखीचे होते. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली मी काही महिने काम केले, त्यांचेच ते बारीक, डावीकडे झुकणारे अक्षर. ते दारव्ह्याला असताना हे शवविच्छेदन त्यांनी केले होते. खटला उभा राहण्यापूर्वीच हृदयविकाराने ते गेले. त्यांच्या जागी मी आलो, आणि त्यांचे अक्षर ओळखतो म्हणून यवतमाळच्या सेशन्स कोर्टात साक्षीला मला बोलावणे आले. वर्ष नेमके आठवत नाही. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते.

आयुष्यभर मी इंग्रजीत अहवाल लिहिले. मराठीत सलग काही लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रकरण असे होते. दारव्हा तालुक्यातील एका बंजारा तांड्यावरची जमनी नावाची विवाहित मुलगी होळीच्या आदल्या दिवशी नाहीशी झाली. तिला होळीसाठी आईच्या तांड्यावर जायचे होते. नवरा रामधन याने जाऊ दिले नाही. भांडण झाले, ते साऱ्या तांड्याने ऐकले. होळी उलटून गेल्यावर एका पडीक विहिरीत तिचा देह वर आला. उन्हे तापलेली होती. देह फुगला होता, चेहरा ओळखू येत नव्हता. जमनीची आई हेमली हिने पोलिसांसमोर जावयाचे नाव घेतले. अहवालात मृत्यूचे कारण लिहिले होते: दोरीसारख्या वस्तूने गळा आवळल्यामुळे. म्हणजे आधी मारले आणि मग विहिरीत टाकले. हे टिकले असते, तर रामधन फासावर गेला असता.

सगळी मदार एका वाक्यावर होती. मराठीत ते असे होईल: 'मानेभोवती आडवा, खोलगट वळ आढळला, मानेच्या मागील बाजूस सुमारे दोन बोटे जागा मोकळी आढळली.' 

वळाला एवढे महत्त्व का, ते सांगतो. माणूस गळफास घेतो तेव्हा दोरी वर ताणली जाते, म्हणून वळ तिरपा उमटतो. दुसऱ्याने मागून आवळले, तर तो बहुधा आडवा येतो. बुडून मेलेल्या माणसाच्या फुप्फुसांत आणि मुठींत काही खुणा मिळतात. पण देह इतका कुजल्यावर त्यांचा भरवसा राहत नाही. वळ मात्र राहतो. मागची दोन बोटे जागा मोकळी का, याचा उलगडा अहवालात नव्हता. तिथे केसांचा अंबाडा आला असावा, असे सरकारी वकिलांनी धरले होते.

नागपूरला न्यायवैद्यक शिकवणारे आमचे प्राध्यापक पहिल्याच तासाला बजावत, की अहवालात डॉक्टर दिसता कामा नये, देह दिसला पाहिजे. 'मी पाहिले' असे लिहिणाऱ्याची वही ते परत करीत. 'वॉज सीन', 'वॉज नोटेड', 'वॉज फाउंड' हीच इंग्रजी अहवालाची रीत. ती मुळात वाईट नाही. डॉक्टरच्या रागलोभाला कागदावर जागा मिळू नये, हा तिचा हेतू. परंतु पाहणारा एकदा वाक्यातून बाहेर गेला, की त्याने केव्हा पाहिले, आणि त्याच्या आधी कोणी काय हलवले, हे प्रश्नही त्याच्याबरोबर बाहेर जातात. उरते ते आभाळातून पडल्यासारखे एक वाक्य. न्यायालयात त्याच्याशी कोणी भांडत नाही.

वाचता वाचता मला एक बाई आठवली.

मी दारव्ह्याला आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती दवाखान्यात आली होती. दुसऱ्या एका तांड्यावरची. मोहाची फुले वेचताना आग्या मोहोळ उठले आणि मधमाश्यांनी तिचे तोंड व मान अशी सुजवली, की गळ्यातली चांदीची हांसली मांसात रुतून बसली. हांसली म्हणजे चांदीचे जाड, कडक कडे. पुढे भरीव, मागे निमुळते होत गेलेले, आणि मानेमागे घालण्या-काढण्यापुरते उघडे. श्वास अडकू लागला, तेव्हा मी सोनाराला बोलावले. तो कातर काढू लागला, तशी ती सुजलेल्या ओठांतून म्हणाली, "कापू नको रे बापू, वाकव. नवी काय तुहा बाप देईन?" सोनार हसला आणि त्याने पक्कडीने हांसली वाकवून काढली. खाली वळ उमटला होता. आडवा, खोलगट. मागे दोन बोटे जागा मोकळी.

"वकीलसाहेब," मी विचारले, "या मुलीच्या गळ्यात काही होतं का?"

"पंचनाम्यात गळा मोकळा आहे. पायात वाळे, हातात चुडे, कानात काहीतरी. गळ्यात काही नाही."

"तांड्यावरची सवाष्ण, आणि गळा मोकळा?"

"असेल मोकळा! भांडणात तुटलं असेल, विहिरीत पडलं असेल."

"हांसली तुटत नाही, साहेब."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "डॉक्टर, तुम्ही तेव्हा तिथे होता का?"

"नाही."

"मग? अहो, वॉज फाउंड म्हणजे फाउंड. गेलेल्या माणसाच्या निदानावर तुम्ही शेरा मारणार? तुमचे सिव्हिल सर्जन काय म्हणतील, याचा विचार करा. अक्षर ओळखा, वाचा, आणि छोट्या लाइनची गाडी पकडून घरी जा."

मला चारचौघांत बोलण्याचा सराव नाही. बरे, असे म्हणून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बरीच माणसे बसली होती. भिंतीला टेकून, ओढणी कपाळापर्यंत घेतलेली एक बाई एकटीच बसली होती. चपराशाने सांगितले, ती मुलीची आई. तिची साक्ष घेतली गेलेली नव्हती. देहाची ओळख मुलीच्या काकाने पटवली होती, पंच पुरुष होते. बाईला बोलावण्याचे कोणाला कारण पडले नव्हते.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. रामधन समोर होता. किरकोळ बांध्याचा, विशी-बाविशीचा. तो माझ्याकडे पाहत नव्हता. चाललेले इंग्रजी त्याला कळत नव्हते, म्हणून तो पंख्याकडे पाहत होता. पुढचे बोलणे इंग्रजीत झाले, ते मी मराठीत देतो.

मी अक्षर ओळखले. अहवाल वाचला. जज्जसाहेब दोनदा म्हणाले, "मोठ्याने."

आरोपीला सरकारने वकील दिला होता. ते वयस्क गृहस्थ अर्धवट उठून म्हणाले, "नो क्वेश्चन्स," आणि पुन्हा बसले. मला जाण्याची परवानगी मिळाली. मी मात्र हललो नाही. पाय हललेच नाहीत, म्हणणे जास्त खरे.

"काही सांगायचं आहे का, डॉक्टर?"

"हे वाक्य मी वाचलं, साहेब. पण याची शपथ मला घेता येत नाही."

सरकारी वकील उठले. जज्जसाहेबांनी हातानेच त्यांना बसवले. "का?"

"वळ आढळला, असं लिहिलं आहे. ज्यांना आढळला ते प्रामाणिक डॉक्टर होते. वळ होताच, याबद्दल मला शंका नाही. पण देह त्यांच्यासमोर येण्यापूर्वी गळ्यातलं काही कोणी काढलं होतं का, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते इथून कळत नाही. देह फुगला, की गळ्यातल्या कडक दागिन्याचाही असाच वळ उमटतो. मागे मोकळी जागा सोडून."

"हे पुस्तकातलं सांगता?"

"पुस्तकातही आहे. पण मी पाहिलं आहे, साहेब. माझ्या दवाखान्यात."

'मी पाहिलं' हे शब्द न्यायालयात उच्चारताना माझे कान तापले होते, एवढे आठवते.

जज्जसाहेबांनी विचारले, "या मुलीचे नातेवाईक कोणी बाहेर आहेत का?" न्यायाधीशाला वाटल्यास तो स्वतः कोणालाही साक्षीला बोलावू शकतो. हेमलीला आत आणले गेले. जज्जसाहेब आता मराठीत बोलू लागले.

"बाई, देह विहिरीतून काढला तेव्हा तू तिथं होतीस?"

"होती ना."

"पोरीच्या गळ्यात काही होतं?"

"होती. हांसली."

कोर्टात हालचाल झाली. "कुठं आहे ती?"

तिने ओढणी जरा मागे सारली. हांसली तिच्याच गळ्यात होती. एका बाजूला किंचित वाकलेली. सकाळी मी तिच्यासमोरूनच चालत गेलो होतो.

"हे काय," ती म्हणाली. "माह्या याडीनं मले देल्ली, म्या पोरीले देल्ली. आमच्यात पोर मेली का मायची चांदी मायकडं येते. पोलिसानं नेली असती तं कायले वापस भेटते?"

"काढताना कोणी पाहिलं?"

"मानसं कसे पाहतीन? बायांनी ओढन्या धरल्या, मानसायनं पाठी फिरवल्या. मंग पोलिस आले."

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"कोनं पुसलंच नाही सायेब. ते आले तवा मान मोकळीच होती."

जज्जसाहेब पुढे झुकले. पुढचा प्रश्न त्यांनी फार सावकाश विचारला. "सहज निघाली का?"

प्रश्न कशासाठी विचारला जात आहे, हे हेमलीला कळले असावे. बायकांना असे कळते. 'सहज निघाली' असे ती म्हणाली असती, तर माझे सारे बोलणे वाऱ्यावर गेले असते. ओढण्यांच्या आड झालेली गोष्ट. खोटे ठरवायला त्या बायांपैकी दुसरी कोणी कोर्टात नव्हती. तिने पहिल्यांदा रामधनकडे पाहिले. तोही आता पंखा सोडून तिच्याकडे पाहत होता.

"नाही," ती म्हणाली. "रुतली होती. दोघीजनींनी तानली तवा निघाली. कातडं संगं आलं."

मग आवाज चढवून म्हणाली, "पन यानं मारलं नाही असं म्या नाही म्हनत! माही पोर सनावाराले घरी येनार होती. यानं येऊ नाही देल्लं. हेही लिवा."

ते लिहिले गेले की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या तारखेला रामधन सुटला. मी कामासाठी यवतमाळला आलो होतो. कोर्टाच्या फाटकाजवळ तो एकटाच उभा दिसला. घ्यायला कोणी आले नव्हते. मला पाहून त्याने हात जोडले.

"सायेब, कागदात काय लिवलं?"

"तुला सोडलं आहे, रामधन."

"सोडलं ते समजलं. म्या मारलं नाही, असं लिवलं ना?"

मी निकाल वाचला होता. गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाल्याचे आढळून येत नाही, असे त्यात होते. मी ते त्याला शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितले.

"म्हंजे मारलं असंही नाही, अन् नाही मारलं असंही नाही?"

"तसंच काहीसं."

"मंग तांड्यात नायकाले काय सांगू?"

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, तिथला न्यायनिवाडा त्याच्याकडे. त्याने थोडी वाट पाहिली, आणि मग तो स्टँडच्या दिशेने चालू लागला. तांड्यावर त्याच्या दारी कोणी बसेना, त्याला कोणी चिलमीला विस्तव देईना, असे पुढे दवाखान्यात येणाऱ्यांकडून ऐकले. तो वणीकडे खाणीवर गेला. परत आल्याचे ऐकिवात नाही. जमनी स्वतः उडी मारून गेली, पाय घसरला, की आणखी काही झाले, हे कोणत्याच कागदावर आले नाही. हेमली त्यानंतर दोन-तीनदा हिवतापाच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात आली. माझ्याकडे न पाहता ती कंपाउंडरपुढे हात करी. हांसली गळ्यात असे.

त्या खटल्यानंतरचा पहिला शवविच्छेदन-अहवाल मी 'आय सॉ' असा लिहिला. सिव्हिल सर्जनांनी तो लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवला. शेरा होता, डॉक्टरने स्वतःला अहवालात आणू नये. मी आज्ञेप्रमाणे दुरुस्त करून दिला. नोकरी सोडेपर्यंत माझे अहवाल बिनचूक 'वॉज फाउंड' मध्येच राहिले.

एक गोष्ट मात्र कोणाला न विचारता मी सुरू केली, आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. देह टेबलावर आला, की सुरी हाती घेण्यापूर्वी मी बाहेर जाई. पोलिसाला बाजूला ठेवून बरोबर आलेल्या बायकांसमोर उभा राही, आणि विचारी: माझ्याआधी हिला कोणाकोणाचे हात लागले? पुष्कळदा उत्तर मिळत नसे. तेव्हा तेही लिहून ठेवी.