फुकटच्या हॉलमधली ग्रामसभा

मी सरपंच असताना आमची ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यातून उचलून राइस मिलवाल्याच्या हॉलमध्ये नेली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मीच नेली, आणि वर त्याला शाल-नारळ देऊन आभारही मानले.

बायकांच्या राखीव जागेवर निवडून आले आणि लगेच गाव सुधारायला निघाले. शाळेत निम्मे लोक उभे, मधून शेळ्या जायच्या, पाण्याचा विषय निघाला की नुसता कल्ला. मला लाज वाटायची. लोकशाही कशी खुर्चीवर, पंख्याखाली, एकेकाने बोलून व्हावी, हे मत मी पदराला पिन लावून सगळ्यांना ऐकवायची. मिलवाला गावातलं बहुतेक धान घेणारा माणूस. त्याने हॉल दिला, तोही फुकट. पहिली सभा इतकी शांत झाली की घरी येऊन मी आरशात स्वतःला पाहून घेतलं.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेलं, तलावात पाणी होतं. पण मासळीचा ठेका मिलवाल्याकडे. मासे वाढेपर्यंत पाटात पाणी सोडायचं तलावाचं दार उघडू नये, असं त्याचं म्हणणं. माझ्या थोरल्या जावेची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पाटाच्या पार शेवटी. एक पाणी मिळालं नाही तर तिचं वर्षाचं धान जाणार होतं.

विषय सभेत आला. मिलवाल्याने ना धमकी दिली, ना पैसे वाटले. स्वतः ट्रे घेऊन फिरला, एकेकाच्या गुडघ्यांची चौकशी करत चहा दिला. मी विचारलं, पाणी कोणाला पाहिजे? पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. जिची हाक तलावाच्या पलीकडे जाते ती माझी जाऊ पहिल्या रांगेत बसून कपात पाहत होती. ठराव सर्वानुमते झाला, दार बंद. खाली सही माझी, वळणदार.

जावेच्या लोंब्या पोचट राहिल्या.

आता मिलवाल्याच्या मुलाने हॉलला एसी लावलाय. सभा अजून तिथेच भरते. शाळेत चला म्हणून मी दरवेळी ओरडते, तर गाव मलाच विचारतं, आजी, थंडी वाजते का, शाल आणू? डोकं फिरतं माझं. पण ओरडू कोणावर? ही खोड मीच लावलेली.

त्या सभेहून परतताना मी जावेवरच चिडले होते. धान तुमचं, मग तोंड का उघडलं नाही, म्हणून. ती वाटेतच थांबली.

"मले काऊन इचारतेस वो सरपंचीन बाई? दाराशी चपला काढाले लावल्या, गादीच्या खुर्चीवर बसवलं, त्यानं आपल्या हातानं कप आणून देल्ला. मले तं व्याह्याच्या घरी बसल्यावानी वाटून राहिलं होतं. शाळेत असतो तं त्याले उभा सोलला असता. व्याह्याच्या घरी बसून कोण भांडते?"